ताईच्या डोळ्यांचं पाणी

४ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र पोचलं. मी खुशाल, शिवणाचं यंत्रही खुशाल.

गेल्या महिन्यात एक नवरी पोशाख घालून बघायला आली. मी खांद्याशी टाचण्या लावत होते आणि डोळ्यांतून नेहमीसारखं पाणी. तिला वाटलं, मी गहिवरले. मग ती रडली, तिला बघून तिची आई रडली. त्यांना कसं सांगू, की हा काचबिंदूच्या थेंबांचा प्रताप आहे? इतकी वर्षं न चुकता घालते, तर डोळे लालभडक, वाळू गेल्यासारखे खुपतात. गल्लीत मी दुःखी बाई म्हणून प्रसिद्ध आहे.

म्हणून गेल्या आठवड्यात थेंब बंद करून टाकले. कुणाला बोलू नकोस. डोळे कसे निवलेत. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो, आणि दिसतंय पूर्वीइतकंच. मग ते थेंब करत तरी काय होते?

तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

९ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचताना आधी हसलो, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

बाबाही म्हणायचे, मला छान दिसतंय. कपाच्या शेजारी चहा ओतेपर्यंत म्हणत होते. काचबिंदू कडेकडेने नजर खातो, चाहूल लागू देत नाही, आणि खाल्लेली परत देत नाही. थेंब डोळ्यातला दाब धरून ठेवतात. ते काम दिसत नाही, म्हणून तू त्यांना फुकटे ठरवलंस.

जळजळ खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण ती डॉक्टरांना सांगितलीस का? मला सांगतेस, शेजारणीला सांगतेस, मांजरालाही सांगत असशील. डॉक्टरांसमोर मात्र सगळं बरं. उद्याच्या उद्या जा. नाहीतर मी ट्रम्पेट घेऊन राहायला येतो. बँडला सुट्टी आहे आणि मला पहाटे सरावाची सवय आहे. ही म्हणते, जाच, तेवढीच मला झोप मिळेल.

रागाव हवं तर, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

२० जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या ट्रम्पेटच्या धाकाने गेले एकदाची.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघितलं. म्हणाल्या, वरचा थर जागोजागी कोरडा पडून सोलवटलाय. बाटलीतलं औषध टिकावं म्हणून त्यात जे मिसळतात, तेच वर्षानुवर्षं बोचत होतं. थेंब सोडल्यावर दाब मात्र चांगलाच चढला होता. मग नजरेची तपासणी केली. कडा शाबूत निघाल्या, तेव्हा कुठे श्वास सोडला.

त्यांनी विचारलं, इतके दिवस बोलला का नाहीत? मी म्हटलं, औषध म्हणजे झोंबणारच, असं वाटलं. त्या हसल्या. आता तो टिकाऊ मसाला नसलेले थेंब दिलेत, एकदा वापरून फेकायच्या इवल्या नळ्यांतून, आणि दिवसा ओलाव्यासाठी वेगळे. परत खुपलं तर आधी त्यांना सांगायचं, मनाने काही सोडायचं नाही, असं बजावलंय. मी मान डोलावली, आणि या वेळी खरीखुरी.

लाली बरीच ओसरली. काल कांदा चिरताना डोळ्यांना पाणी आलं. बऱ्याच वर्षांनी कारण असलेलं पाणी होतं रे. सुरी बाजूला ठेवली आणि मजेत रडून घेतलं.

ट्रम्पेट घेऊनच ये, पण पहाटे वाजवू नकोस. जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी ताई