दुसऱ्या वेळी जास्त चांगले वाटणारे चित्रपट

१७ नोव्हेंबर, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण महत्त्वाचं. ७ डिसेंबरला धर्मापुरीच्या वाचनालयाचा वर्धापनदिन आहे आणि त्यात माझं व्याख्यान आहे. विषय मीच दिला: दुसऱ्या वेळी पाहताना जास्त चांगले वाटणारे चित्रपट. सचिव राधाकिशन म्हणाले, महांतेशअप्पा, तुमी भांड्याचे व्यापारी, तुमाला हे जमंल का? मी म्हणालो, अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला परळीच्या टॉकीजला जाणारा दुसरा माणूस गावात दाखवा. त्यांनी विषय लिहून घेतला.

महिन्यातून एकदा दुकानाचा माल आणायला परळीला जायचो. महानंदा बरोबर असायची. माल बांधून होईपर्यंत तीन ते सहाचा शो, मग बस. बसमध्ये चित्रपटावर चर्चा. म्हणजे ती बोलायची, मी ऐकायचो. जाणकार माणूस कमी बोलतो.

महानंदाला जाऊन आठ महिने झाले. या उपक्रमाशी त्याचा काही संबंध नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
अपेक्षाने पुण्याहून फोनवर सांगून टीव्हीवर सिनेमाचं अ‍ॅप सुरू करून दिलं. संकल्प: दुकान एक ते चार बंद असतं, त्या वेळात रोज एक चित्रपट. पद्धत शास्त्रीय. आठवणीतली गोष्ट आधी लिहायची, मग पाहायचं, मग मार्क द्यायचे.
अपेक्षा म्हणाली, पप्पा, तुम्ही हे पिक्चर नक्की पाहिलेत ना? पोरींना बापाचं काहीच माहीत नसतं.

२० नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.२०
काल गिऱ्हाईक होतं, म्हणून खरी सुरुवात आज. चित्रपट क्रमांक एक. नाव लिहीत नाही, व्याख्यानात उत्सुकता हवी. दोन भाऊ, एक ट्रक. आठवणीतली गोष्ट: धाकटा रुसून निघून जातो. शेवटी आई एका ढाब्यावर दोघांना गाठते आणि तिघं एका ताटात जेवतात.

पाहिला. विलक्षण! पहिल्या वेळी किती तपशील नजरेतून सुटले होते! ट्रक निळा आहे. थोरल्या भावाला एक हात नाही. मध्येच पूर येतो. नव्याने दिसलेल्या गोष्टी: सगळ्या. पहिल्या वेळी सहा मार्क दिले होते, आज नऊ. सिद्धांत पहिल्याच दिवशी सिद्ध.

एकच गडबड. ढाबा आला नाही. आई इंटरव्हलच्या आधीच वारते. थोरला एकटा ट्रक घेऊन जातो आणि पडद्यावर नावं येतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
उघड आहे. अ‍ॅपवाल्यांनी शेवट कापला. कस्टमर केअरला हिंदीत सविस्तर तक्रार. उत्तर आलं: आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल खेद आहे, टीव्ही बंद करून पुन्हा चालू करा. केला. आई तरीही वारली.

२३ नोव्हेंबर, रविवार
आज नवा चित्रपट नाही. जुनाच पुढे-मागे करून ढाबा शोधला. तीन वेळा. नाही.
पण मला तो ढाबा दिसतो. आई ट्रकची काच पदरानं पुसते आणि म्हणते, भांडायचं ते भांडा, पर आधी जेवून घ्या, निवतंय. चित्रपट हिंदी आणि वाक्य असं कसं? डबिंग असणार. इतकं चांगलं डबिंग हल्ली होत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार
दोन दिवस पितळेचा माल आवरण्यात गेले. संकल्प मोडलेला नाही, पुढे ढकलला आहे.

चित्रपट क्रमांक दोन. डोंगरातल्या खेड्यात एक शिक्षिका येते, गावचा पुढारी तिला छळतो. आठवणीतली गोष्ट: शेवटी तिची बहीण पेटी घेऊन येते, दोघी मिळून शाळा चालवतात, पुढारी हात जोडतो.

बहीण आली नाही. पडद्यावर दार वाजलं की मी सरसावून बसत होतो. प्रत्येक वेळी दुसराच कुणीतरी. शेवटी शाळा जळते आणि बाई एकट्या रस्त्यानं चालू लागतात. मी टीव्हीचा आवाज बंद केला. त्या चालत राहिल्या. आणि त्याच जागी, स्पष्ट, मला बहिणीचं वाक्य ऐकू आलं: अगं, मी हाय की. एकटी कशाला जातीस?
आवाज बंद होता. रिमोट दोनदा तपासला.

टीव्ही बंद केला तर काळ्या पडद्यात मागची खोली दिसत होती. दोन खुर्च्या. एकीवर मी. दुसरी कोणी मांडली? मीच मांडली, सवयीनं. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर शंका नको.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार
भूतबीत मी मानत नाही. माझा दृष्टिकोन पहिल्यापासून शास्त्रीय आहे. काळजी म्हणून यापुढे पाहताना आवाज मोठा ठेवणार आणि पडदे उघडे.

अपेक्षाला फोन केला. बहिणीचं विचारलं. ती म्हणाली, पप्पा, मी पाहिलाय तो, त्यात बहीण नाहीच. मी म्हणालो, तुमची पिढी कापलेलंच पाहते. ती म्हणाली, जेवता ना वेळेवर? विषय बदलायची ही तिची आईकडून आलेली खोड.

व्याख्यानाची एक अडचण. आठवणीतले चित्रपट या चित्रपटांपेक्षा जास्त चांगले आहेत. म्हणजे विषय उलटा होतो. याकडे सध्या दुर्लक्ष.

१ डिसेंबर, सोमवार. बसमध्ये
साक्षीदार हवा म्हणून परळीला गेलो. टॉकीज जानेवारीतच बंद पडली. तिथला डोअरकीपर रहीम आता स्टँडबाहेर सीताफळं विकतो. अठ्ठावीस वर्षं बॅटरीच्या उजेडात यानंच आम्हाला खुर्च्या दाखवल्या.

सरळ विचारलं: रहीमभाई, त्या ट्रकच्या पिक्चरमध्ये ढाबा होता की नाही?
तो हसला. मग माझ्याकडं पाहून हसायचा थांबला. म्हणाला, अप्पा, तुमी पिक्चर कवा बघितला? आतले दिवे गेले की तुमची मान खाली. घोरत न्हवते, म्हणून कुणाची तक्रार न्हाई. बघायच्या त्या भाभी.
मी म्हणालो, डोळे मिटून पाहण्याची एक पद्धत असते.
तो म्हणाला, असंल.

एक सीताफळ इकडचं तिकडं ठेवत मग त्यानंच सांगितलं. शो सुटला की मी हमालाकडं माल बघायला जायचो. तेवढ्या वेळात महानंदा दारात थांबून त्याला विचारायची, रहीमभाई, ह्याचा शेवट लई वाईट हाय, आता बसमध्ये ह्यांना कसा सांगू? मग दोघं मिळून ठरवायचे. तो म्हणाला, ढाबा माझा हाय अप्पा. त्या शाळेच्या पिक्चरमधली बहीण भाभीची.

मी म्हणालो, कशाला पण? तो म्हणाला, मी पण इचारलं होतं. तर म्हणल्या, ते दिवसभर उभे ऱ्हातात, घरी जाताना तरी चांगलं कायतरी ऐकू द्या.

निघालो होतो. त्यानं मागून हाक मारली. तुमचा शेवटचा पिक्चर, गेल्या वर्षीच्या ऑगस्टमधला, आठवतो का? भाभी मध्येच उठून बाहेर आल्या, पायरीवर बसल्या. मी पाणी दिलं. म्हणालो, अप्पांना उठवू का? तर म्हणल्या, नका. झोपू द्या. मग तोंड धुतलं आन्‌ परत आत गेल्या.
मी विचारलं, त्याचा शेवट काय ठरवला होता तुम्ही?
रहीम म्हणाला, त्या दिवशी मला काय इचारलंच न्हाई.

रहीमचं आता वय झालं आहे. साक्षीदार म्हणून ग्राह्य धरता येणार नाही.

३ डिसेंबर, बुधवार
चित्रपट क्रमांक तीन. ऑगस्टमधला. आज फक्त आठवणीतली गोष्ट लिहितो, डोळ्यांना विश्रांती हवी.

एक घड्याळवाला आणि त्याची बायको. बायको लांब माहेरी जाते. जायच्या आधी नवऱ्याला सगळं दाखवून ठेवते. डाळ तिसऱ्या फडताळात. त्याच्या बीपीच्या गोळ्या देवघराशेजारच्या डब्यात. लाइटबिलाच्या पावत्या गादीखाली. पोरीला व्हिडिओ कॉल कसा लावायचा ते. नवरा चिडतो, म्हणतो, हे मला कशाला? ती म्हणते, असू द्या. माहीत असलेलं बरं असतंय.
मी बसमध्ये विचारलं होतं, मग ती परत येते का?
महानंदा म्हणाली, येती की. न यायला काय झालं?

लिहून झाल्यावर स्वयंपाकघरात गेलो. आमची डाळ तिसऱ्या फडताळात आहे. गोळ्या देवघराशेजारी. गेले आठ महिने मी हात घालतो आणि वस्तू सापडते. मला वाटायचं, माझी स्मरणशक्ती चांगली आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार
पाहिला. सव्वादोन तास. डोळा मिटला नाही.

घड्याळवाला आहे. बायको आहे. डाळ नाही, गोळ्या नाहीत, माहेर नाही. बायकोला दवाखान्यात एक कागद मिळतो. तो ती नवऱ्याला दाखवायला घेऊन येते. तो घड्याळावर वाकलेला असतो. दुसऱ्या दिवशी दाखवायला येते, तो झोपलेला असतो. ती कागद घडी करून ब्लाउजमध्ये ठेवते. असं चार वेळा. पाचव्या वेळी ती नसते.

महानंदानं मला लातूरच्या डॉक्टरांचा कागद दिवाळीनंतर दाखवला. त्यावर जुलैची तारीख होती. मी तेव्हा ती पाहिली नव्हती, असं आजवर सगळ्यांना सांगितलं. अपेक्षालाही. पाहिली होती.

ऑगस्टमध्ये ती माझ्या शेजारी बसून हे पाहत होती.

मार्क दिले नाहीत.

६ डिसेंबर, शनिवार
व्याख्यान रद्द करायला राधाकिशनकडे गेलो. कारण घसा. ते म्हणाले, अप्पा, पत्रिका छापल्या, शाल आणली, आता काढा घ्या आन्‌ या. काढा घेतला. घसा पहिल्यापासून चांगलाच होता.

नव्याने मुद्दे काढायला बसलो. मुद्दा एक: दुसऱ्या वेळी चित्रपट चांगला का वाटतो. त्यापुढे काही सुचलं नाही.

७ डिसेंबर, रविवार
एकोणीस माणसं. त्यांतली सहा शालेय बक्षिसांसाठी आलेली.

उभा राहिलो. मुद्द्यांचा कागद खिशात होता, काढला नाही. म्हटलं, एक चित्रपट सांगतो. घड्याळवाल्याचा सांगितला. तिनं सांगितला तसा. डाळ, गोळ्या, पावत्या, व्हिडिओ कॉल. मी बोलत होतो आणि पुढचं वाक्य मला आधीच कानाशी ऐकू येत होतं, मी नुसतं मागून म्हणत होतो. बायको परत आली तिथं थांबलो. साखराबाई नावाच्या आजी पहिल्या रांगेत होत्या. त्या म्हणाल्या, आली का? बरं झालं बाई.

मग शाळेतल्या सुकन्याबाई वही घेऊन उभ्या राहिल्या. कुठल्या अ‍ॅपवर आहे, म्हणाल्या. मी म्हणालो, कुठेच नाही. दिग्दर्शक कोण? मी म्हणालो, महानंदा. त्यांनी लिहून घेतलं. आडनाव विचारलं, तेही सांगितलं. माझंच आडनाव आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. राधाकिशनच्या आलं. ते शालीची घडी उलगडत होते, थांबले.

सुकन्याबाई म्हणाल्या, त्यांचे आणखी असतील ना, एखादा सांगा की.

ढाब्याचा सांगितला. बहिणीचा सांगितला. त्या म्हणाल्या, अजून? अठ्ठावीस वर्षं, महिन्याला एक. तीनशेच्या वर होतात. उभं राहून आठवत राहिलो. बसच्या खिडकीशी बसलेली ती आठवली. हातवारे करून सांगणारी. बांगड्यांचा आवाज. एक शब्द आठवेना.

लोक वाट पाहत होते. शेवटी म्हणालो, माफ करा, बसमध्येही मी बहुतेक झोपलेलोच असायचो.
लोक हसले. त्यांना वाटलं, विनोद होता.