वाघाच्या बोर्डाचं जाड अक्षर

भाऊ, तुम्ही काहीही म्हणा, वाघाच्या बोर्डाला वेलबुट्टी नकोच होती. सावली तालुक्यातल्या आपल्या गावाबाहेर, मोहाच्या वाटेवर तुम्ही तो रंगवत होता अन् मी डबे धरून होतो, तेव्हाही मी हेच बोललो. अक्षराला शेपूट, शेपटाला पान, वरून लाल शेड! मोहफुलं वेचायला निघालेल्या बायका टोपल्या खाली ठेवून बघत उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "वाघ लय देखणा काढला भाऊ, पण लिवलं काय हाय?" तुम्ही खूश, मी चिडलेला. "तुयं जाड अक्षर म्हंजे नुसतं बोंबलनं हाय बे," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, "मंग वाघ आला त गाऊन सांगाचं का?" यावर तुम्ही ब्रश माझ्या शर्टाला पुसला. शर्ट नवा होता.

तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. मी हैदराबादेत बोर्डाच्या दुकानात आहे, हे चौथं दुकान. इथे मशीन अक्षर कापते, अन् सगळ्यांना तेच जाड अक्षर पाहिजे. गोल म्हणजे वाटी पालथी घालून काढावा तसा, दांडी सरळ, जाडी सगळीकडे सारखी. दवाखाना, बस थांबा, टायरवाला, कुठेही लावा, धावत्या गाडीतून वाचता येतं. पण खरं सांगतो, त्याला दोन-चार शब्दच झेपतात. मागे एकानं लग्नाची अख्खी पत्रिका त्याच अक्षरात मागितली. छापून आली तर तळ्यात म्हशी बसल्यासारखी दिसली, नवरी कुठली अन् मामा कुठला, कळेना. तेव्हा तुमचं आठवलं, "पोट मोकळं ठेव बे अक्षराचं, श्वास घेऊ दे." आता मशीनवरही आधी पोटातली जागा वाढवतो, मगच कापतो.

परवा तुमच्या घरून काकूंचा फोन. "उन्हानं वाघाच्या बोर्डाची अक्षरं उडाली रे, वाचाले येत नाई. गावातले नवीन कराचं म्हनतेत. पण त्याईच्या हातचं पुसाले माया जीव होत नाई." अन् त्या स्वतः रोज पहाटे त्याच वाटेनं मोहाला जातात. म्हटलं, "काकू, भाऊच शेवटी म्हणाले होते, या वाटेवर जाड अक्षरच बरं." त्या म्हणाल्या, "असं म्हनले का? मंग कर."

केलं. वाघ तुमचाच ठेवायला सांगितलाय, मिशीलासुद्धा हात लावायचा नाही. खाली पिवळ्यावर काळं, दोनच ओळी: वाघ आहे. एकटे जाऊ नका. नमुना मोबाइलवर गावच्या पेंटरला पाठवला. बस थांब्याच्या बोर्डासारखं लांबूनच वाचता येईल.

तुम्ही तसं कधीच म्हणाला नव्हता, भाऊ. शेवटपर्यंत नाही. आपलं भांडण मी तुमच्याच तोंडून जिंकलो, अन् काकूंना ते खरं वाटलं. हे पत्र कुठे टाकणार? म्हणूनच तर लिहिता आलं. बोर्डाचा पत्रा जुनाच चालेल. रंगाचे अन् मजुरीचे धरून काकूंना आज दोन हजार आठशे रुपये पाठवतोय.