कॉफीसाठी विहिरीत कोणी उतरू नये

मी, बायनाबाई आश्रुबा कवडे, वय ६६, धंदा शेती, राहणार कवडेवस्ती, मांजरसुंबा घाटाखाली, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. माझी शुद्ध शाबूत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. मी भ्यालेली आहे, पण भ्रमिष्ट नाही; वाचणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा.

१. माझ्या नावची दोन एकर जमीन, आंब्याची बाग आणि आंब्यांच्या सावलीतली कॉफीची झाडे सून शिवकन्या हिला द्यावीत. राहते घर दोघांचे. मुलगा गहिनीनाथ याच्यावर माझा राग नाही. जमीन त्याच्या नावावर झाली तर तो विहिरीत उतरेल, याची मला धास्ती आहे.

ही झाडे माझे मालक आश्रुबा यांनी आणली. १९८४ साली आम्ही कर्नाटकात ऊसतोडीला गेलो आणि तिथून पुढे कॉफीच्या मळ्यात तोडणीला राहिलो. येताना मालकांनी ओल्या पोत्यात रोपे बांधून घेतली. गाव हसले. चौथ्या वर्षी फळ आले. पहिल्याच भाजणीला कढई जास्त तापली आणि दाणे काळेकुट्ट झाले. मालकांनी तीच कॉफी मांजरसुंब्याच्या ढाब्यावर नेली. कर्नाटकातला एक ट्रकवाला दोन कप प्याला आणि तिसरा मागू लागला. तेव्हापासून आम्ही मुद्दाम तशीच भाजतो, दाण्यावर तेल चमकेपर्यंत.

२. लोखंडी कढई आणि हातगिरणीही शिवकन्येलाच. भाजताना वास कधी बदलतो हे तिला कळते. गहिनीनाथला बारा महिने सर्दी.

३. आमच्या उपसा सिंचन सहकारी संस्थेचे चेअरमन माणिकराव यांनी माझ्या मातीला येऊ नये. तलावाचे पाणी वस्तीपर्यंत आणतो म्हणून त्यांनी सगळ्यांच्या सह्या घेतल्या. पाइप त्यांच्या उसापर्यंत आला आणि तिथेच थांबला. पाणी आले असते तर २००३ च्या दुष्काळात मालक विहीर खोल करायला उतरले नसते. दरड सुटली. काठावर दोर धरून मीच उभी होते. दोर एकदम सैल पडला. तो सैलपणा अजून माझ्या तळहातात आहे.

४. यंदा विहीर पुन्हा आटली. गहिनीनाथ पाच दिवस खाली उतरत होता. मी आंब्याला टेकून उभी राहायचे. परवा दुपारी कपारीतला दगड सुटला आणि त्याच्या खांद्याला चाटून गेला. वर आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते.

मी म्हणाले, "कावून उतरतो रे? तुझ्या बापाला गिळलं तिनं."

तो म्हणाला, "मला काय हौस हाय? खाली गेलं की छाती धडधडती. पण दादांची झाडं हायत. ती वाळली तर तू जगणार न्हाई, असं वाटलं मला."

आणि मला वाटत होते, झाडे त्यालाच हवीत. म्हणून मी इतके दिवस गप्प राहिले. मी म्हणाले, "वाळू दे." तो तिथेच मातीत बसला आणि हमसून हमसून रडला.

५. म्हणून माझी ठाम इच्छा अशी: झाडे वाळली तर वाळू द्यावीत. टँकरचे पाणी आधी माणसांना, मग गुरांना. उरले तरच झाडांना. पोस्टातल्या माझ्या पैशांतून विहिरीवर लोखंडी जाळी बसवावी. आमच्या घरातल्या कोणीही विहिरीत उतरू नये. पुढे माझेच मन फिरले आणि मी वेगळे काही सांगू लागले, तरी हेच ग्राह्य धरावे.

ठिकाण: कवडेवस्ती
दिनांक: १९ एप्रिल २०१६
सही: बायनाबाई आश्रुबा कवडे

साक्षीदार:
१. बद्रीनाथ सोपान घुले, निवृत्त शिक्षक
२. चंद्रभागाबाई सटवा मिसाळ, शेजारीण

साक्षीदारांची नोंद: बाईंनी आमच्यासमोर सही केली. त्यांना सगळे समजत होते. सही करताना त्या दोनदा थांबल्या आणि गहिनीनाथ ओट्यावरच बसलेला आहे ना, ते दारातून वाकून पाहून आल्या.