मर्डोच्या जागेसाठी काठी

इन्व्हरडर्न, २८ ऑगस्ट

प्रिय इझोबेल वहिनींना,

इनेसचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल आणि खोकलाही गेला असेल अशी आशा आहे. (काल कुंपणापलीकडून तो ऐकू आला नाही, त्यावरून गेला असं धरतो.) मी ठीक आहे, उजव्या कानाचं पुढे येईलच. तीन घरं पलीकडे राहणाऱ्या दिराने पत्र कशाला लिहावं, असं वाटेल. पण दर रविवारी चहाला येतो ते हेच बोलायचं ठरवून. मग तुम्ही वाऱ्याचं विचारता, मी वाऱ्याचं सांगतो, आणि कप संपतो.

मर्डोला जाऊन सहा महिने झाले. मासेमारी मंडळाचा नियम तुम्हाला माझ्याआधीपासून ठाऊक आहे, मी तो चिटणीस रेनींकडून पहिल्यांदाच नीट ऐकला. सभासद गेला की खाडीच्या मुखावरची त्याची जागा एक मोसम घरच्यांसाठी राखून ठेवतात. घरच्या माणसाने सप्टेंबर संपायच्या आत तिथे उभं राहून, गळाला बांधलेली पिसांची माशी टाकून, एक सी ट्राउट मासा काढून दाखवायचा. नाही जमलं तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला जाते. पुढचा माणूस म्हणजे डगी पिरी. तो अकरा वर्षं थांबला आहे. (अंत्यविधीला त्याने माझा हात अगदी मनापासून दाबला, फक्त नजर खाडीकडे होती.) जिथे माझा भाऊ एकतीस वर्षं उभा राहिला, तिथे दुसऱ्या कुणाचे बूट बघणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून जन्मात मासा न धरलेला, नकाशे खात्यातून निवृत्त झालेला मी गळाची काठी घ्यायला निघालो.

आपल्याकडे कुणी कुणाला चुकतोयस म्हणून सांगत नाही, हे मी साठ वर्षं जाणतो, तरी दुकानात विसरलो. दुकानाच्या मालकीण लेगबाईंना म्हटलं, पाणी मोठं आहे, तेव्हा काठी मोठी द्या. त्यांनी दोन्ही हातांनी चालवायची पंधरा फुटी काठी काढली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लांब आहे खरी." याहून कडक विरोध त्या करत नाहीत. मी ती घेऊन आलो. आता सी ट्राउट भरतीबरोबर काठालगतच्या गुडघाभर पाण्यात येतो, आणि मी तो पाय रोवून थेट नॉर्वेच्या दिशेने शोधत होतो. मासे माझ्या मागून जात होते, हे नंतर कळलं. दोन सील मात्र शेवटपर्यंत बसून बघत होते. तिसऱ्या फेकीला माझ्या गळाने शेजारच्या डगीची टोपी नेली. तो शांतपणे म्हणाला, "जोर चांगला आहे तुझा, इनेस."

दुसऱ्या खेपेला मी शहाणा झालो, म्हणजे उलट्या बाजूला चुकलो. आठ फुटी, वेताच्या छडीसारखी नाजूक काठी आणली. ओढ्यावर ती शोभली असती. आपल्या पूर्वेच्या वाऱ्यापुढे तिची दोरी पुढे जाईना. गेली तेवढी परत आली, आणि माशी माझ्या कानात रुतली. गळ डगीनेच काढला.

"हलू नकोस."

"दुखतंय."

"दुखणारच. मर्डोनेही पहिल्या वर्षी हेच केलं होतं. त्याचा डावा होता."

मी हसलो. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच, आणि कान डगीच्या चिमटीत असताना, त्यामुळे तो प्रकार थोडा लांबला.

तिसऱ्यांदा मी लेगबाईंना सरळ विचारलं, की तुम्ही कोणती घ्याल? वीस वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं, म्हणाल्या, आणि खुर्ची ओढून बसल्या. वारा कुठून, पाणी कुठवर, मासा केवढा, सगळं विचारून घेतलं. मग साडेनऊ फुटी, सात नंबरच्या दोरीची काठी काढली. वारा कापण्याइतका कणा हवा, पण शेंडा मऊ हवा, कारण या माशाचं तोंड नाजूक असतं, ओढलं की फाटतं. दोरी गुंडाळायचं रीळही खाऱ्या पाण्याने न गंजणारं दिलं, आणि घरी आल्यावर ते गोड्या पाण्याने धुवायचं, हे दोनदा बजावलं. (साबणाने नाही. तो प्रयोग मी आधीच्या रिळावर केला होता.) काठी खरोखर उत्तम आहे. या पत्रासोबत ती तुमच्या दाराशी टेकवून ठेवली आहे. मोसम संपायला तेहतीस दिवस आहेत.

गुडघ्याला जपा.

आपला,
इनेस

ता. क. काठीची मूठ मला बारीक पडते. लेगबाईंनी हाताचं माप मागितलं, तेव्हा मार्चमध्ये माझ्याकडे विसरलेला तुमचा हातमोजा मी त्यांना दिला होता. घरी येणाऱ्या माशांतले निम्मे तुम्ही काढलेले असायचे, हे मर्डोनेच मला सांगितलं होतं. नियमात ‘घरचं माणूस’ असं लिहिलं आहे, ‘भाऊ’ असं कुठेही नाही. मी तीनदा वाचला. शनिवारी भरती सकाळी दहाला सुरू होते. याल का? जाळी मी धरेन.

आणखी ता. क. तुम्हाला न विचारता तुमचं नाव सोमवारीच रेनींना देऊन आलो, रागावू नका. ते म्हणाले, सगळं मंडळ एप्रिलपासून इझोबेलचीच वाट बघतंय, फक्त तिला कुणी विचारायचं ते ठरत नव्हतं. डगीला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने एकदा खाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "ती येणार असेल तर मी थांबतो अजून."