पक्का रंग

१४ फेब्रुवारी १९८२, लालबाग
संप म्हणजे सुट्टीच. होळीपर्यंत जिंकून मिलमध्ये जाऊ. तोवर तब्येत कमवायची. रोज सूर्यनमस्कार. (आज कंबर धरलीय. उद्यापासून.)
बोटांच्या टोकांना पांढरे डाग आलेत. रंगखात्यातलं केमिकल, दुसरं काय! काम बंद, की डाग बंद.

२ मे
डाग वाढले. बायकोने, सुभद्राने, ओढत हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणे, हे कोड, कुणाला लागत नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे अंगातले पहारेकरी. बाहेरचे जंतू मारायचे, तर चुकून कातडीला रंग देणाऱ्या आपल्याच पेशींवर तुटून पडतात, असा अंदाज आहे. मलम दिलं. घासू नका, घासलं की नवे डाग उठतात.
पोरगेलासा डॉक्टर. आपला पहारेकरी आपल्यालाच मारील? गेटवर आपल्या पोरांनी आपल्याच खात्यातल्या जयवंताला मारलं, ते वेगळं. तो संप मोडून कामावर जात होता. निदान तसं वाटलं. मी फक्त त्याचे हात धरले होते.

४ डिसेंबर
आमच्या पोरीला, मंजुळाला शीवचं स्थळ. पसंती झाली (मी हात खिशात ठेवले होते). उद्या साखरपुडा. बायको म्हणते, डागांचं आधीच सांगून टाका. बायकांना धीर नाही. वीस वर्षं रंगखात्यात शेड जुळवतोय, मास्तर मला विचारून रंग पास करायचे! मिलच्या रंगाच्या पुड्या घरात आहेत. मनगटाचा शाबूत सावळा नमुना धरला. तपकिरी, पिवळा, चिमूटभर काळा. काथ्याने घासघासून लावला. माझा डाग मलाच सापडेना.

५ डिसेंबर, संध्याकाळ
साखरपुडा झाला. म्हणजे निम्मा. व्याहीभेटीला मुलाच्या वडिलांना, राजारामरावांना, कडकडून मिठी मारली. घाम आला होता. ते वळले, तर पांढऱ्या सुती शर्टाच्या पाठीवर माझी दहाही बोटं उमटलेली. कपड्यावर पक्का, कातडीवर कच्चा. हे मला कळायला हवं होतं.
राजारामराव शांतपणे म्हणाले, कोडाचं काही नाही, आमच्या बहिणीलाही आहे. पण पहिल्याच भेटीत फसवणारा व्याही नको.
त्यांनी मुद्दाम पांढरा शर्ट घातला असणार.

१८ जुलै १९८३
संप विरल्यासारखाच, म्हणून कामासाठी मिलवर गेलो. वॉचमनने आत सोडलं नाही. वीस वर्षं राबलेला माणूस ओळखला नाही. नवा असेल.
घासलं होतं तिथून हात पांढरे होत कोपरापर्यंत गेले. तोंडावरही आलंय. डॉक्टर म्हणाले, सांगितलं होतं. मी म्हटलं, घासलं नाही, लावलं. मंजुळा शिवणकामाला जाते. पुढच्या स्थळाला रंग वॉटरप्रूफ करणार.

१२ फेब्रुवारी १९८४
परळहून पाहुणे येणार. पुड्या काढल्या. नमुन्यासाठी माझा रंग शोधला. हात, मान, तोंड. कुठेच नाही. जुळवू कशाशी?
मंजुळाने आपला हात पुढे धरला. म्हणाली, बाबा, माझ्याशी जुळवा, तुमचाच आहे.
तीच शेड. माझी नजर चुकत नाही. रडू आवरेना. सगळ्या पुड्या मोरीत ओतल्या. ठरवलं, आज खरं सांगायचं.
पाहुणे आले. मी हात पाठीमागे घेतले. मंजुळाने ते धरून पुढे आणले आणि चहाचा ट्रे माझ्या हातात दिला.
चौघे होते. एकानेच कप उचलला.