गादी कंपनीत नापास होण्याची स्ट्रॅटेजी

२ मार्च, सकाळ (म्हणजे जवळजवळ दुपार)

एमबीएची शेवटची टर्म सुरू. आजपासून रोजनिशी. उद्या माझं चरित्र लिहायला कोणी बसलं, तर बिचाऱ्याला मटेरियल कमी पडू नये.

टार्गेट एकच. ती मोठी कन्सल्टिंग कंपनी. याच महिन्यात कॅम्पसवर येतेय. काचेची बिल्डिंग, गळ्यात कार्ड, विमानात लॅपटॉप. माझ्यासाठीच बनलेली आहे.

संकल्प: उद्यापासून पहाटे पाचला उठणे. धावणे. बिझनेस पेपर पूर्ण वाचणे (खेळाचं पान शेवटी). रोज एक बिझनेस केस सोडवणे.

बाबांचा फोन आला. बाबांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. म्हणाले, पदवी घेतलीस की गल्ल्यावर बस, माझे गुडघे आता दिवसभर उभं राहू देत नाहीत. मी म्हटलं, बाबा, मी कन्सल्टिंगमध्ये जाणार. त्यात काय करतात, असं त्यांनी विचारलं. लोकांना त्यांचा धंदा कसा चालवायचा ते सांगतात, असं मी सोप्या भाषेत समजावलं. बाबा म्हणाले, ते काम तुझा मामा फुकट करतो.

शेवटी डील झालं. पदवीदान समारंभापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गल्ला. मी हसत हसत कबूल केलं. बाबांचं वाईट वाटतं. उगाच आस लावून बसलेत.

३ मार्च

पाचचा गजर लावला होता. वाजला असावा. रूम पार्टनर म्हणतो वाजला, त्यानेच ऐकला, आणि उठून तो धावून आला. म्हणजे गजर वाया गेला नाही. (रूम पार्टनरला सगळे एक्सेल म्हणतात. तो दात घासल्याचीसुद्धा शीट ठेवतो.)

माझ्या न उठण्यात दोष माझा नाही, गादीचा आहे. होस्टेलच्या गादीला मधोमध खड्डा पडलाय. एकदा आत गेलं की बाहेर येण्याचा रस्ता नाही. उद्यापासून फोन कपाटात ठेवून झोपणार, म्हणजे झक मारत उठावं लागेल.

४ मार्च

फोन कपाटात ठेवला. कपाट लावून घेतलं. गजर ऐकूच आला नाही.

आयडिया उत्तम, एक्झिक्यूशन कमी पडलं. मोठमोठ्या कंपन्यांचं हेच होतं.

६ मार्च

संकट! प्लेसमेंट कमिटीची सेक्रेटरी आमच्याच वर्गातली आहे. भलती कडक मुलगी. तिने आज नियम वाचून दाखवले. एका कंपनीची ऑफर आली की विद्यार्थी आउट. पुढच्या एकाही कंपनीला बसता येणार नाही. बरं, दांडी मारावी, तर तेही नाही. पुढच्या आठवड्यात येणाऱ्या कंपनीला जो गैरहजर, तो उरलेल्या सगळ्यांना बाद.

आणि पुढच्या आठवड्यात येतंय कोण? गादी कंपनी. गाद्या आणि उशा बनवणारी!

म्हणजे बघा कसा डाव आहे. मी मुलाखतीला जाणार. माझं बोलणं ऐकून ते पटकन ऑफर देणार. मी आउट. आणि ती मोठी कंपनी माझ्याशिवाय परत जाणार. दोघांचंही नुकसान.

सेक्रेटरी त्या मोठ्या कंपनीबद्दल मला बाजूला घेऊन काहीतरी सांगायला लागली होती. नोटीस वगैरे. मी हातानेच थांबवलं. म्हटलं, माझी पूर्ण तयारी आहे, तू टेन्शन घेऊ नकोस. तिने खांदे उडवले आणि गेली. माझ्यासमोर जरा बावरते.

एक्सेलला प्रॉब्लेम सांगितला. तो म्हणाला, घाबरू नकोस, गादीवाले तुला घेणार नाहीत. मित्र म्हणून धीर देतोय खरा, पण आवाजात थोडी जळफळ होती.

७ मार्च

उपाय सापडला. मुद्दाम नापास व्हायचं!

याला म्हणतात स्ट्रॅटेजी. बाकीचे सगळे पास होण्याच्या मागे. नापास होण्याचा विचार करायला वेगळं डोकं लागतं.

९ मार्च

प्रॅक्टिस सुरू. माझ्यासारख्याला वाईट दिसणं सोपं नाही. आरशासमोर उभा राहून मूर्ख चेहरा करून पाहिला. एक्सेल म्हणाला, काही करू नकोस, नेहमीसारखाच जा. मी त्याला म्हटलं, अरे, नेहमीसारखा गेलो तर घेतील ना! तो शीटमध्ये डोकं घालून बराच वेळ हलत होता. खोकला झाला असावा.

पाचला उठण्याचा संकल्प तात्पुरता स्थगित. नापास व्हायचं असेल तर लवकर उठून चालणार नाही. कन्सिस्टन्सी हवी.

१० मार्च, संध्याकाळ

मोहीम फत्ते. क्रमाने लिहितो.

इस्त्री न केलेला शर्ट घालून गेलो. ड्रायक्लीनरच्या मुलाला हे किती जड गेलं असेल ते मलाच ठाऊक. बाबांनी पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं.

आधी ग्रुप डिस्कशन. विषय काहीतरी बाजारपेठेचा. सगळे एकमेकांच्या अंगावर धावून बोलत होते. मी एक शब्द बोललो नाही. दोनदा जांभई दिली, पहिली मुद्दाम, दुसरी आपोआप. शेवटी परीक्षकांनी मला समारोप करायला सांगितला. मी म्हटलं, कोणी कोणाचं ऐकलेलं नाही, सगळ्यांनी घरी जाऊन झोपावं आणि उद्या ताज्या डोक्याने बोलावं. पुरता बट्ट्याबोळ.

मग मुलाखत. मधे चष्मेवाल्या एक बाई, दोन्ही बाजूंना दोन सूटवाले. गादी कंपनीतच का यायचंय, असं विचारलं. म्हटलं, यायचं नाहीये, नियम आहे म्हणून आलो. सूटवाले एकमेकांकडे बघायला लागले. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? म्हटलं, आडवा. तुमचा दुर्गुण? म्हटलं, सकाळी उठता येत नाही.

बाई म्हणाल्या, का उठता येत नाही? इथे मी थांबायला हवं होतं. पण विषय जिव्हाळ्याचा निघाला. सगळं सांगून टाकलं. खड्डा कसा कमरेपाशी आहे, कुशीवर झोपलं की खांदा कसा अवघडतो, गादी उलटी केली तर खड्ड्याचा डोंगर कसा होतो, जुने शर्ट खाली खुपसून काय झालं, कडेवर झोपलं तर माणूस पडतो आणि पडला तरी जाग का येत नाही. बाई पेन खाली ठेवून ऐकत होत्या. बहुतेक कंटाळल्या.

बाहेर आलो तेव्हा इतकं हलकं वाटलं! आता रस्ता मोकळा.

११ मार्च

घात झाला.

गादी कंपनीने अख्ख्या बॅचमधून एकाला निवडलं. तो मी.

सेक्रेटरी अभिनंदन करायला रूमवर आली. तिला आधी खात्री करून घ्यायची होती की या नावाचा दुसरा कोणी कॅम्पसवर नाही. एक्सेलने तर शीट बंद केली. असं मी दोन वर्षांत पाहिलेलं नाही.

धावत प्लेसमेंटच्या सरांकडे गेलो. म्हटलं, सर, चूक झाली आहे, मी मुद्दाम नापास झालो होतो. सर म्हणाले, या कॉलेजात आल्यापासून तू मनापासून केलेलं हे पहिलं काम, आणि तेही तुला जमलं नाही. मग समजावलं की ऑफर नाकारता येते, पण नाकारली तर कॅम्पसमधून बाद. उद्यापर्यंत सांग म्हणाले.

सरांना व्हिजन नाही.

१२ मार्च

निर्णय झाला. ऑफर नाकारणार! बाद तर बाद, मी त्या मोठ्या कंपनीला थेट गेटवर गाठणार. माझं बोलणं ऐकलं की नियम तेच मोडतील.

ताठ मानेने सेक्रेटरीकडे गेलो आणि तसं सांगितलं. तिने मला बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग म्हणाली, त्या मोठ्या कंपनीने मार्कांची अट आधीच कळवली होती, तेच मी तुला त्या दिवशी सांगत होते. तू त्यात बसत नाहीस. खूपच बसत नाहीस.

म्हणजे मुलाखतच नव्हती. ज्या मुलाखतीसाठी मी नापास व्हायला निघालो होतो, ती मला मिळणारच नव्हती.

जिन्यावर बराच वेळ बसलो. खरं लिहायचं तर रडू आलं. आणि डोळ्यांसमोर काचेची बिल्डिंग नाही आली, बाबांचे गुडघे आले. फोनवर मी त्यांना किती ऐटीत हसलो होतो.

दुपारी गादी कंपनीला हो कळवलं.

१३ मार्च

रात्रभर विचार केला (म्हणजे झोपेपर्यंत). मार्कांची अट ही मुळात जुनाट कल्पना आहे. अशा कंपनीत माझी घुसमटच झाली असती. थोडक्यात वाचलो.

चष्मेवाल्या बाईंना फोन करून विचारलं की मला का घेतलं. त्या म्हणाल्या, बाकी सगळ्यांनी सांगितलं की आम्ही चारच तास झोपतो आणि पहाटे उठून पळतो. अशांना गादीतलं काय कळणार? झोपेवर तुमच्याइतकं प्रेम असलेला माणूस पहिल्यांदाच भेटला.

बघा! टॅलेंट लपत नाही.

१७ मार्च

मोठी कंपनी आली आणि एक्सेलला घेऊन गेली. आनंद आहे. मी बाजूला झालो म्हणून त्याला जागा मिळाली. तसं त्याला सांगितलं. तो थँक्यू म्हणाला. चांगला मुलगा आहे, उपकार विसरत नाही.

आज बाबांना नोकरीची बातमी दिली. त्यांनी फोन तसाच गल्ल्यावर ठेवला. मला वाटलं लाइन कट झाली. मग लांबून आवाज ऐकू आला, दुकानातल्या गिऱ्हाइकाला सांगत होते, कार्टं नोकरीला लागलं. मागून ताई ओरडली, झोपायचा पगार मिळणार का? तिच्याकडे दुर्लक्ष करण्यात येत आहे.

२८ मार्च

पदवीदान झालं. काळा झगा भाड्याचा होता, त्यावर कसला तरी डाग होता. बाबांनी स्टेजकडे पाहिलंच नाही, सगळा वेळ डाग पाहत होते. फोटोच्या आधी रुमाल ओला करून घासायला लागले. निघाला. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. आई म्हणाली, दोन वर्षांचं शिक्षण याचं आणि टाळ्या यांना.

संध्याकाळी सामानासकट घरी परत. एक्सेलने निघताना माझ्या गजरांचा ग्राफ भेट दिला. सपाट रेषा आहे.

४ एप्रिल

कंपनीकडून पत्र आणि भलंमोठं पार्सल. पार्सलमध्ये नव्या कर्मचाऱ्यांना भेट: कंपनीची सगळ्यात भारी गादी. पत्रात ट्रेनिंगची माहिती. सोमवारपासून फॅक्टरीत पहिली पाळी. कंपनीची बस आमच्या चौकातून पहाटे पाचला सुटते.

पाचला!

हरकत नाही. आता खड्डा नाही, म्हणजे सबबही नाही. नवा मी. गजर कपाटात नाही, उशाशी. शिवाय आईला सांगून ठेवलंय, ताईला सांगून ठेवलंय. बाबांनी शर्ट स्वतः इस्त्री करून खुर्चीवर लावून ठेवलाय. कॉलर बघावी, नुसती कॉलर!

६ एप्रिल, सकाळी ९.४०

बस गेली असावी.

चौकशी केली. आईने उठवलं होतं. ताईने पाणी मारलं होतं. बाबांनी पाय धरून ओढलं होतं. मी सगळ्यांना उठलोय असं स्पष्ट सांगितलं म्हणे. मला यातलं काहीच आठवत नाही.

चष्मेवाल्या बाईंना फोन केला. पहिलाच दिवस, आज नोकरी गेली तर गल्ला ठरलेला. सरळ खरं ते सांगितलं, की तुमचीच गादी आहे. त्या इतक्या हसल्या की फोन दुसऱ्या कोणाला तरी द्यावा लागला. तो म्हणाला, दुपारी तुमच्या भागातून ट्रक निघतो, गिऱ्हाइकांनी परत केलेल्या गाद्या घेऊन. त्यात मागे बसून या. उद्यापासून मात्र बसच.

म्हणजे पहिल्याच दिवशी स्वतंत्र वाहन. बाकीच्यांना बस.

निघताना दुकानात जाऊन बाबांच्या पाया पडलो. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, गादी कशी आहे रे? म्हटलं, फारच छान. ते म्हणाले, मग ती दुकानात आणून टाक, गल्ल्यामागे. तू परत आलास तर लागेल.

दुपार, ट्रकमध्ये

परत आलेल्या मालावर बसलोय. गाद्या काही वाईट नाहीत, लोक उगाच परत करतात. संकल्प: फॅक्टरीत पोचेपर्यंत ट्रेनिंगची पुस्तिका वाचून काढणे.

त्याआधी जरा पाठ टेकतो. फॅक्टरी आली की जाग येईलच.