बांगड्यांचं माप

॥ श्री रेवणसिद्ध प्रसन्न ॥
हुमनाबाद, ता. १२ जून २००५

ती. जगदेवीअक्कास, धाकट्या सिद्धरामचा शि. सा. न. वि. वि.

अक्का, तुझ्या धनलक्ष्मीचं आणि माझ्या रविकुमारचं ठरलेलं लग्न मी मोडतोय. फोनवर सांगायला जीभ रेटेना, म्हणून लिहितो. अक्षर वेडंवाकडं दिसेल, त्याचंही कारण तेच. वर्षभर हाताला कापरं सुटतंय, कारखान्यात पाना हातातून पडायलाय, जिना चढताना कठडा धरून स्वतःला वर ओढावं लागतंय. हैदराबादचे डॉक्टर म्हणाले, स्नायूंना हलवणाऱ्या नसा पाठीच्या कण्यातच वाळत चालल्यात. सावकाश वाढेल, औषध नाही. आणि हे घराण्यातूनच आलेलं असावं.

म्हणजे माझ्याकडून रवीला जाणार. तुझ्या एकुलत्या लेकीला अशा घरात कशी आणू? डॉक्टरांनी वंशावळ मागितली, म्हणून बैलावर बसून घराण्यांच्या पिढ्या वाचत येणाऱ्या हेळव्याकडून आपल्या अप्पांच्या सात पिढ्या लिहून घेतल्या. त्यात लुळा पडलेला एकही पुरुष निघाला नाही.

रागव, पण माया आटू देऊ नकोस.
तुझा सिद्धराम


करजगी, ता. २० जून

चि. सिद्धरामास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आधी चुलीत घालावं वाटलं. पोरं पाळण्यात असताना दिलेला शब्द तू एका कागदावर मोडायलास व्हय? मला न्हाई, धनूला न्हाई, रवीला तरी इचारलास का? मग रडू आलं. ज्याला कडेवर घेऊन जत्रा दावली, त्याचा हात कापायलाय हे मला वर्सानं कळावं? यडा कुठला!

आन हेळव्याला कामून इचारलास रे? त्याच्या वहीत बाप, बापाचा बाप. आपल्या आईचं नाव तरी हाय का तिच्यात? आईचा सख्खा भाऊ वीरण्णामामा गाडीवरनं पडला आन पाय गेले म्हणतेत. पण पडायच्या आधीच त्याच्या हातचा चहा बशीत सांडायचा, मला चांगलं आठवतंय. मी उद्याच राजूबाईमावशीकडं जाते. आईच्या माहेरच्या लेकी तिला समद्या पाठ. पंचमीला माहेराहून कुणाला किती मापाच्या बांगड्या धाडायच्या, ते तीच सांगायची.

जिना चढू नको. खालीच झोप.
अक्का


करजगी, ता. ३ जुलै

चि. सिद्धरामास आशीर्वाद.

मावशी ऐंशीची झाली. नावं इसरली, मापं न्हाई. म्हणाली, सव्वादोनची दुधनीला दिली, तिचा थोरला काठीवर आला. अडीचची आळंदला, तिच्या लेकाला काय झालं न्हाई. पावणेतीनची म्हणजे आपली आई, तिचा तू. आन मावशीचा सोताचा तानाजी. त्याचा हात कापायचा, बोलणं जड झालतं, लोक दारुडा म्हणायचे. त्यानं थेंबाला शिवलं न्हवतं. मावशीनंच एकदा त्याला दारू पितोस म्हणून चपलेनं मारलंय. हे सांगताना म्हातारी अशी रडली की मला बघवंना.

एका घरी करणी म्हणले, एका घरी पडला म्हणले, एका घरी दारू. आजार एकच हाय, सिद्धराम, आन समदे लेकींचेच लेक. हे डॉक्टरला दाव.
अक्का


हुमनाबाद, ता. २४ जुलै

ती. अक्कास सा. न. वि. वि.

डॉक्टरांनी सात पिढ्यांचा कागद बाजूला सारला आणि मावशीची मापं उतरवून घेतली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, आजारी तो चौकोन काळा. मग माझं रक्त तपासलं. केनेडीचा आजार म्हणतात याला. एका जनुकात अक्षरांचा एक तुकडा हवा त्याहून जास्त वेळा आलाय. ते जनुक ज्या दोऱ्यावर, म्हणजे गुणसूत्रावर असतं, तसे दोरे बाईकडे दोन, पुरुषाकडे एकच. बाईचा एक बिघडला तर दुसरा सांभाळून घेतो. पुरुषाकडे दुसरा नसतोच. आणि बाप लेकाला तो दोरा देतच नाही. रवी सुटला, अक्का! दवाखान्याच्या पायरीवर बसून मी लहान पोरासारखा रडलो.

पुढचं लिहवत नाही. आईनं तुला यातला कुठला दोरा दिला, ते कुणाला ठाऊक नाही. निम्मी शक्यता. तुझ्याकडे वाईट असेल, तर धनूलाही पुन्हा निम्मी. तिला स्वतःला त्रास होणार नाही, पण तिच्या लेकांना होऊ शकेल.

तुझा सिद्धराम


करजगी, ता. २९ जुलै

चि. सिद्धरामास आशीर्वाद.

आता मी मोडते. तुझं घर सुटलं, तिथं माझी लेक काळा चौकोन घेऊन कामून यावी? तवा मी तुला बोलले, आता तू मला बोल. आईनं दिलं ते नकळत. मी जाणूनबुजून देऊ व्हय?

ह्या पंचमीला मला बांगड्या धाडू नको. मन लागंना.
अक्का


हुमनाबाद, ता. २ ऑगस्ट

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पेन धरवत नाही, म्हणून रवीच्या हातून लिहून घेतोय. त्याच्यापासून लपवायचं आता काही नाही.

दोष माझ्या घरात वाटला तेव्हा मी धनूला दार लावलं, ते तिच्या भल्यासाठी. आता तो तुझ्या घरात असेल म्हणून दार लावलं, तर ते माझ्या भल्यासाठी होईल. तसं मी करणार नाही. आपण दोघांनी जमवलं, दोघांनी मोडलं. तूच विचारलीस ती गोष्ट आपण दोघंही विसरलो. पोरांना कुणी विचारलं? तपासणी आहे, पुढं मुलाबाळांचा विचार करायलाही डॉक्टर आहेत. धनू ठरवील तसं. रवी म्हणतोय, त्याचं ठरलंय, पण तिच्याआधी तो सांगणार नाही.

बांगड्या धाडल्यात. भरल्या नाहीस तर मी येऊन भरीन, हात कापला तरी.
सिद्धराम


करजगी, ता. ७ ऑगस्ट

ती. मामांस धनलक्ष्मीचा सा. न.

आईनं तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि माझ्या हातात दिलं. बांगड्या भरल्यात तिनं. काल राजूबाईआजीच्या गावी जाऊन, तानाजीमामा दारू पीत नव्हते, हे चारचौघांत सांगून आली.

पंचमी झाली की आम्ही दोघी हैदराबादला येतोय. आईचं रक्त आधी, मग माझं. माझा अहवाल माझ्याच हातात द्यायला सांगा, तुमच्या न्हाई, आईच्याही न्हाई. रवीला सोबत आणा. सुई बघून त्याला चक्कर येते, मला ठाऊक हाय, तरी आणा.

आणि मामा, कासाराकडं माझ्या बांगड्या सांगून ठेवा. माप सव्वादोन. नवरीच्या हिरव्या का नेहमीच्या लाल, ते अहवाल वाचून मी कळवते.

तुमची भाची,
धनलक्ष्मी